मोबाइलवरचा समूह म्हणजे समाज होय काय?

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे पहिला अवघड प्रश्न उभा राहतो तो वंदनेचा किंवा विधीचा नव्हे. तो सोबतीचा असतो. घरातले देव काढले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लागली, हे सारे एका दिवसात होऊ शकते. परंतु त्यानंतर जत्रेचे आमंत्रण येत नाही, आणि आले तरी आपण जात नाही. कंदुरीच्या पंगतीला बसत नाही. नवस, देवदेव, अंगात येणे यांच्याभोवती जी माणसे वर्षानुवर्षे जमत होती, ती हळूहळू दूर होतात. जुने सुटले हे चांगलेच झाले. पण माणूस एकट्याने जगत नाही. लग्न, बाळंतपण, आजारपण, मरण यांना माणसे लागतात. मग आता आपली माणसे कोणती?

या प्रश्नाला अलीकडे एक सोपे उत्तर मिळाले आहे : “आपला ग्रुप आहे की!” लातूर-नांदेड रस्त्यावरचे आपले चाकूर घ्या, नाही तर तालुक्यातले नळेगाव, वडवळ नागनाथ, अष्टामोड घ्या. बहुतेक घरांत आज मोबाइल पोहोचला आहे, आणि त्या मोबाइलमध्ये चार-पाच समूह आहेत. जयंती समितीचा एक, विहाराचा एक, भावकीचा एक, शाळासोबत्यांचा एक. पहाटे उठल्याबरोबर तेथे ‘जयभीम, नमो बुद्धाय’ सुरू होते. मुलगा पुण्याकडे कारखान्यात, मुलगी लातूरला शिकायला, भाऊ हैदराबादला कामाला. पण सगळे एका समूहात. तेव्हा कोणी म्हणेल की, आम्हाला समाज मिळाला, आमचा संघ उभा राहिला. हे खरे आहे काय? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी जुना आधार सोडला त्यांना नवा आधार खरा आहे की भासमान, हे वेळेवर कळले पाहिजे. संकटाच्या रात्री कळून उपयोग नाही.

या प्रश्नावर दोन घाईची उत्तरे दिली जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा सगळा रिकामटेकडेपणा आहे. एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतो तोच समाज. तरुण म्हणतात, एका समूहात हजारावर माणसे घेता येतात, एका क्षणात सर्वांना निरोप जातो, यापेक्षा मोठा समाज कोणता? पहिला पक्ष अंतर मोजतो, दुसरा पक्ष डोकी मोजतो. वास्तविक दोन्ही मापे चुकीची आहेत. हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. बाबासाहेबांनीच ते सांगून ठेवले आहे.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषण लिहिले. त्यातील विचार मंडळाला झेपले नाहीत आणि परिषदच रद्द झाली. तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. समाज कशाने बनतो, याचा त्यात मुळापासून विचार आहे. त्याचा आशय असा : माणसे शेजारी शेजारी राहतात एवढ्याने त्यांचा समाज होत नाही, आणि एखादा माणूस शेकडो कोस दूर गेला एवढ्याने तो समाजाबाहेर पडत नाही. माणसांच्या चालीरीती, सण, समजुती सारख्या असल्या तरीही त्यांचा समाज होत नाही. अनेक जाती सण तेच पाळतात, पण म्हणून त्या एक होत नाहीत. समाज तेव्हाच होतो जेव्हा काही गोष्टी सर्वांच्या मिळून असतात, आणि एका कार्यात प्रत्येकाचा असा वाटा असतो की कार्य फळले तर ते आपले यश वाटावे आणि फसले तर ते आपले अपयश वाटावे. कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे गुरू प्राध्यापक जॉन ड्युई यांनी १९१६ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात अशाच दिशेने विचार मांडला होता. बाबासाहेबांनी तो घेतला आणि जातीच्या प्रश्नाला लावला.

सारखेपणा वेगळा आणि सामायिकपणा वेगळा, हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. दोन शेतकऱ्यांची दोन विहिरी असणे हा सारखेपणा. दोघांची मिळून एक विहीर असणे हा सामायिकपणा. पहिल्यात एकाची विहीर आटली तर दुसऱ्याला चुटपुट लागेल. दुसऱ्यात दोघांच्याही घशाला कोरड पडेल.

जवळ राहिल्याने समाज होत नाही, हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. गावाची वेस एक, शिवार एक, पाऊस एक, दुष्काळ एक. तरी वस्ती गावकुसाबाहेर. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळणारे परमुलखातून आलेले नव्हते. ज्यांच्या शेतात आपली माणसे राबत होती त्यांच्यातलेच अनेक होते. उलट पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, प्राध्यापक जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. त्यात चालणाऱ्या अनेकांनी मराठवाड्यातले ते जळलेले घर कधी पाहिलेले नव्हते, त्या घरातल्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. मग त्या जळलेल्या घराचा समाज कोणता? भिंतीला भिंत लागून राहणारा, की शेकडो मैलांवरून चालत निघालेला?

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे उदाहरण याहून दारुण आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची गावातल्याच जमावाने हत्या केली. मोठ्या वृत्तपत्रांनी बराच काळ या घटनेची नीट दखल घेतली नाही. तेव्हा आजच्यासारखे मोबाइल नव्हते. पण साधे संदेश होते, ई-मेल होती, झेरॉक्स होती. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी आणि देशोदेशी पसरलेल्या आपल्या शिकलेल्या मुलांनी ती बातमी, ती छायाचित्रे हातोहात पोहोचवली. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा कोठे शासनाला जाग आली. ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते त्यांनी त्या मृतांना आपले मानले. हे ज्याला ठाऊक आहे तो यंत्रावरून जाणाऱ्या संदेशाला रिकामटेकडेपणा म्हणू धजणार नाही.

भगवान बुद्धांची शिकवणही येथे बाबासाहेबांच्या बाजूची आहे. इतिवुत्तक या ग्रंथात तथागत सांगतात की, एखादा भिक्खू माझ्या चीवराचे टोक धरून पावलावर पाऊल टाकीत चालला, पण त्याच्या मनात लोभ आणि द्वेष असेल, तर तो माझ्यापासून दूरच आहे. आणि शंभर योजने दूर राहणारा भिक्खू निर्लोभ आणि जागरूक असेल, तर तो माझ्याजवळ आहे. मज्झिम निकायातील धातुविभंग सुत्तात पुक्कुसाति या कुलपुत्राची हकीकत येते. त्याने बुद्धांना कधी पाहिलेले नव्हते, तरी त्यांच्या नावाने गृहत्याग केला. राजगृहात भग्गव कुंभाराच्या पडवीत एका रात्री योगायोगाने बुद्ध त्याच्याच शेजारी उतरले. तरी त्याने ओळखले नाही. उपदेश ऐकता ऐकता त्याला ओळख पटली. अट्ठकथा सांगते की, हा पुक्कुसाति तक्षशिलेचा राजा होता, मगधाच्या बिंबिसाराचा न पाहिलेला मित्र होता, आणि बिंबिसाराने सुवर्णपत्रावर धम्म लिहून त्याला पाठवला होता. म्हणजे न भेटता मैत्री होते, पत्रातून धम्म पोहोचतो, हे बौद्ध परंपरेला मान्य आहे. मात्र एक गोष्ट विसरू नये. ते पत्र वाचून पुक्कुसाति राजवाड्यात बसून राहिला नाही. तो उठला आणि चालू लागला.

हीच गोष्ट बाबासाहेबांच्या पत्रांविषयी म्हणता येते. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी. त्यानंतर १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. या पत्रांचे वाचक एकमेकांना ओळखत नव्हते. वस्तीत एकाला अक्षरओळख असायची. त्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. कोकणातल्या माणसाला खानदेशातल्या माणसाचे दुःख कागदावरून कळायचे. तोही एक न पाहिलेल्या माणसांचा समूहच होता. पण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्यात आली तेव्हा तेथे हजारो माणसे हजर होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे मिळेल त्या गाडीने आणि पायी आली. कागदावरचे शब्द पायांपर्यंत पोहोचले म्हणून वाचकांचा समाज झाला. केवळ वर्गणीदार राहिले असते तर दीक्षाभूमी झाली नसती.

येथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, मग ठरले. मोबाइलचा समूह हा समाजच होय. थांबा. दुसरी बाजू अजून पाहायची आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच गरीब भिक्षेकरी तेथे उतरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून त्या भागात पसरलेली होती. जमावाने त्या पाचही निरपराध माणसांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, कारण अशा अफवांनी देशात अनेक ठिकाणी बळी गेले होते. आता विचार करा. त्या जमावातही एकच संदेश सर्वांपर्यंत गेला होता. तेही घरी बसून राहिले नाहीत. उठले आणि धावले. तेव्हा नुसते एकत्र धावणे हीसुद्धा समाजाची खूण नाही. कोणासाठी धावले, कशाच्या आधारावर धावले, हे विचारावे लागते. सत्य आणि करुणा सोडून जे एकत्र येते तो जमाव होय, समाज नव्हे.

मग कसोटी कोणती? ती शोधायला दूर जायला नको. माणसे एकत्र बांधून ठेवणाऱ्या चार गोष्टी भगवंतांनी सांगितल्या आहेत. त्यांना संग्रहवस्तू म्हणतात : दान, प्रियवचन, अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम, आणि समानात्मता म्हणजे सुखदुःखात बरोबरीने वागणे. गाडीच्या चाकाला जशी कुणी, तशा या चार गोष्टी जगाला, असा त्यांचा दाखला आहे. कुणी निघाली की चाक निखळते. आपापला समूह या चार कसोट्यांवर प्रत्येकाने घासून पाहावा.

समजा, चाकूरमध्ये एक वृद्ध उपासिका रात्री अकरा वाजता पडली. तिला लातूरला न्यावे लागणार. मुलीने विहाराच्या समूहावर निरोप टाकला. समूहात दोनशे माणसे. दीडशे जणांनी जोडलेले हात पाठवले, ‘लवकर बऱ्या होवोत’ असे लिहिले. ते वाईट नाही. ते प्रियवचन झाले. पण चारांपैकी एकच कसोटी झाली, आणि तीही सर्वांत स्वस्त. एकाने जीप काढली. दुसऱ्याने दोन हजार रुपये हातावर ठेवले. शेजारच्या बाईने लहान मुलांना आपल्या घरी झोपवले. पुण्यातल्या एका मुलाने लातूरच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन करून खाट मिळवून दिली. या रात्री समाज कोणता? दोनशे माणसे नव्हेत. ही चार माणसे. आणि ध्यानात घ्या, त्या चारांत पुण्याचा मुलगाही आहे, जो कितीतरी कोसांवर बसला होता. आणि वस्तीतला जो जागा असून दार न उघडता हात जोडलेले चित्र पाठवून झोपला, तो नाही.

पाश्चात्त्य जगातील अनुभवही हेच सांगतो. १९८५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात संगणकाच्या तारेवरून बोलणाऱ्या माणसांचा ‘वेल’ नावाचा एक समूह सुरू झाला. त्यातले एक सभासद हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी १९९३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी नोंदवले आहे की, एका सभासदाच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा पडद्यापलीकडची माणसे त्या कुटुंबाच्या पाठीशी उभी राहिली. म्हणजे पडद्यावरच्या शब्दांतून खरी आपुलकी निर्माण होऊ शकते. पण ती आपुलकी खरी ठरली कशावरून? शब्दांच्या संख्येवरून नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाचा भार कोणी घेतला यावरून.

यापुढे वडीलधाऱ्या मंडळींनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. एका छपराखाली बसल्याने संघ होतो असे ज्यांना वाटते त्यांनी महावग्गातील प्रसंग आठवावा. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. का? तर तो इतरांच्या काही कामाला येत नाही म्हणून. बुद्धांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. मग भिक्खूंना जमवून ते म्हणाले की, तुम्हाला येथे ना आई आहे ना बाप; तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तेव्हा पाहा, ते सारे भिक्खू एका विहारात राहत होते. अंतर काहीच नव्हते. तरी त्या घटकेला तेथे संघ नव्हता. दोघांनी पाण्याचे भांडे उचलले तेव्हा संघ झाला. घरदार सोडून आलेल्या त्या भिक्खूंची आणि जुना आधार सोडून आलेल्या आपली स्थिती यात एकसारखी आहे. आपण एकमेकांचे झालो नाही तर आपले कोणीच नाही.

मग मोबाइलच्या समूहाचे नेमके स्थान कोणते? याचेही उत्तर विनयात सापडते. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी एका सीमेतील सर्व भिक्खूंनी एकत्र जमले पाहिजे, असा नियम आहे. एखादा भिक्खू आजारी असेल आणि येऊ शकत नसेल तर? त्याने दुसऱ्या भिक्खूच्या हाती आपली परिशुद्धी, म्हणजे आपण शुद्ध असल्याचा निरोप, पाठवावा. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट संघात उचलून आणावे. हलवल्याने आजार बळावणार असेल तर सगळ्या संघाने त्याच्याजवळ जावे आणि तेथे उपोसथ करावा. पण त्याला वगळून करू नये. किती सूक्ष्म विचार आहे पाहा! निरोपाला येथे पूर्ण मान आहे. जो येऊ शकत नाही त्याचा निरोप म्हणजे त्याची हजेरीच. परंतु सर्वांनीच घरी बसून निरोप पाठवले आणि कोणीच जमले नाही, तर तो निरोप पोहोचणार कोठे? निरोपाला पोहोचण्यासाठी जमलेला संघ लागतो.

आमच्या मते प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मोबाइलचा समूह हा निरोप्या आहे. निरोप्या चांगला असेल तर दूरचा माणूस जवळ येतो; पुण्याचा मुलगा चाकूरच्या आजारी आजीच्या खाटेशी पोहोचतो. पण निरोप्यालाच संघ समजलो तर जवळचा माणूसही दूर जातो.

२०२० सालच्या टाळेबंदीत हे सर्वांनी अनुभवले. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंती आपण घरोघर केली, बुद्धपौर्णिमेची वंदना मोबाइलवरून ऐकली. जमणे हेच धोक्याचे होते. तेव्हा निरोपावर भागवणे हा शहाणपणा होता, करुणाही होती. पण त्याच दिवसांत शहरांतली मजुरी बंद पडून माणसे पायी गावाकडे निघाली होती. ज्या समूहावरून त्यांच्यासाठी धान्य, भाकरी, वाटखर्च गोळा झाला तो समूह समाज ठरला. ज्यावर दिवसभर नुसती चित्रेच फिरली तो ठरला नाही. यंत्र दोन्हीकडे तेच होते.

दाराचा प्रश्नही विचारला पाहिजे. समाजाचे दार कोणाला उघडे आहे? काही ठिकाणी धम्माचे नाव घेऊन पोटजातीचे समूह चालतात. सोयरीक जुळवण्यासाठी म्हणून सुरू होतात आणि ‘आपल्यातले’ व ‘त्यांच्यातले’ हा हिशेब पुन्हा मांडतात. कालपरवा धम्मात आलेल्या मातंग कुटुंबाला, भटक्या विमुक्त कुटुंबाला तेथे कोणी घेत नाही. बाबासाहेबांनी बजावले होते की, प्रत्येक गट स्वतःपुरता जगू लागला की तो समाजविरोधी होतो. हातातले यंत्र नवे आले आणि आतला विचार गावकुसाचा राहिला, तर वेस दगडाची असली काय आणि पडद्यावरची असली काय, फरक कोणता?

तसेच ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांचे काय? अनेक घरांत तो घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. सासूबाईंना वाचता येत नाही, सुनेच्या हाती तो क्वचितच येतो. कार्यक्रमाचा निरोप समूहावर टाकला म्हणजे सर्वांना कळवले, असे समिती समजते. ज्या विनयाने आजाऱ्याला वगळून उपोसथ करू नये असे सांगितले, त्या विनयाच्या कसोटीवर ही पद्धत टिकत नाही. जो समूहात नाही त्याच्या दारात कोणीतरी गेले पाहिजे.

आणखी एक. समूहाचा चालक रागाच्या भरात एका बोटाने माणसाला काढून टाकतो. का काढले हे त्याला विचारता येत नाही. संघात वाद मिटवण्याचा सम्मुखविनय नावाचा नियम आहे : ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा तो समोर हजर पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. समोरासमोर ज्याला आपण कधी कडू बोललो नसतो त्याला पडद्यावर बेधडक बोलतो. बोलण्याविषयी तथागतांनी पाच खुणा सांगितल्या : योग्य वेळी, सत्य, मृदू, हिताचे आणि मैत्रीच्या मनाने. संदेश पुढे ढकलण्याआधी या पाच प्रश्नांना एक क्षण दिला, तर बाबासाहेबांच्या नावावर खपवली जाणारी बनावट वचनेही थांबतील आणि राईनपाडेही टळतील.

तेव्हा काय करावे? समूह बंद करा असे आम्ही म्हणत नाही. दोन-तीनच बौद्ध घरे असलेल्या गावात राहणाऱ्या कुटुंबाला तो मोठा धीर आहे. वसतिगृहातल्या मुलीला तो आधार आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, मानू नका, पाहा. कालामांना भगवंतांनी हेच सांगितले : ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, स्वतः अनुभवून ठरवा. प्रत्येक समूहाने एक साधी वही ठेवावी. एका महिन्यात समूहावरच्या निरोपामुळे कोण कोणाच्या दारात गेले, कोणाची फी भरली गेली, कोणाच्या आजारात कोण रात्र जागले, कोणाचे भांडण समोरासमोर बसून मिटले, नव्याने धम्मात आलेल्या कोणत्या घरी कोण जेवून आले, एवढेच लिहावे. पाठवलेल्या संदेशांची संख्या लिहू नये. महिना संपल्यावर वही कोरी राहिली तर समजावे की, आपल्याकडे यंत्र आहे, समाज नाही. वहीत चार ओळी आल्या तर त्या चार ओळींएवढा समाज आपल्याकडे आहे. त्याला पाचवी ओळ जोडावी.

तथागतांनी वज्जींच्या उन्नतीच्या पहिल्या दोन खुणा सांगितल्या त्या ह्याच की, ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात. भिक्खूसंघालाही त्यांनी तेच सांगितले. म्हणून पौर्णिमेचा निरोप मोबाइलवर जरूर टाका. दूरच्यांची वंदना त्यावरूनच येऊ द्या. ती त्यांची परिशुद्धी आहे. पण जो गावात आहे त्याने विहारात यावे. जो आला नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दोघांनी जावे आणि विचारावे, “दादा, काल दिसला नाहीत; घरी सगळे बरे आहे ना?” एवढा प्रश्न विचारणारा माणूस ज्याच्या दारात येतो, त्या नवदीक्षित कुटुंबाला आपली माणसे कोणती हे पुन्हा विचारावे लागणार नाही.